उजेड आधी पायांवर

एका साध्या वस्तूला मराठीत किती नावे असावीत! पाठ्यपुस्तकात ती 'विजेरी' असते. घरात, शेतावर, संडासच्या वाटेवर ती 'बॅटरी' असते. शहरात ती 'टॉर्च' होते आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही कधीमधी 'चोरबत्ती'. यांपैकी 'विजेरी' हा शब्द घडवणाऱ्याचे आम्हाला कौतुक आहे, परंतु दुकानात जाऊन 'एक विजेरी द्या' असे म्हणणारा माणूस आम्हाला अद्याप भेटलेला नाही. 'बॅटरी' हे नाव काटेकोर पाहिले तर आतल्या सेलांचे. ते सबंध वस्तूला चिकटले. वर्गात लक्षणा शिकवताना याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. 'चोरबत्ती' मात्र थोडा वेळ थांबवते. चोरखिसा, चोरदरवाजा, चोरपावले या शब्दांत चोर कुठेच नसतो. असतो तो लपलेपणा. चोरबत्ती म्हणजे चोर पकडण्याची बत्ती नव्हे, तर मनात येईल तेव्हा लपवता येणारी बत्ती.

नामांपेक्षाही आम्हाला अधिक गुंतवून ठेवते ते क्रियापद. दिवा लावतात, पणती लावतात, कंदील लावतात. बॅटरी लावतात हे खरे, पण बॅटरी 'मारतात'सुद्धा. "जरा तिकडे बॅटरी मार रे," हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही ऐकू येईल. कंदील कोणी कोणावर मारत नाही. कारण कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, आणि धरणाऱ्याच्या तोंडावर सर्वांत आधी पडतो. बॅटरीचा उजेड एकाच दिशेने जातो. तिच्या मागे उभा असलेला माणूस अंधारात राहतो. 'मारणे' हे क्रियापद मराठीत हाकेला, शिट्टीला, उडीलाही चालते, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा एका क्रियापदावर फार मोठा इमला उभारू नये. तरीही लावण्याचा उजेड आणि मारण्याचा उजेड असा भेद भाषेने केला आहे. तो भेद पोलिसाच्या हातातल्या बॅटरीइतका दुसऱ्या कोणत्याही वस्तूत स्पष्ट दिसत नाही.

हा विषय आमच्याकडे आला तो शेजारातून. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि मीरा रोडच्या पूनम सागर भागात राहतो. पूर्वेला इमारतींची दाटी आणि रेल्वेरुळांपलीकडे पश्चिमेला मिठागरे व तिवरे, असे हे गाव. दिवसा मुंबईला जाऊन रात्री झोपायला परत येणाऱ्यांचे. आमच्या शेजारच्या विंगमध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते आम्हाला सर आणि मॅडम म्हणतात आणि वयाचा दाखला देऊनही ते बदलायला तयार नाहीत. त्यांच्या कपाटात पितळेची तीन सेलची एक जुनी बॅटरी आहे. सरकारी सामान त्यांनी निवृत्तीच्या वेळी जमा केले. ही त्यांची स्वतःची, नोकरीच्या सुरुवातीला घेतलेली.

ती हातात घेतली की पहिल्यांदा वजन जाणवते. आजच्या प्लॅस्टिकच्या दिव्यांची सवय झालेला हात किंचित खाली जातो. मोठ्या सेलची जाडी सुमारे ३३ मिलीमीटर आणि लांबी ६१ मिलीमीटर. असे तीन सेल एकापाठोपाठ बसायचे म्हणजे दांडा चांगला वीतभर झाला, पुढे परावर्तकाचे रुंद तोंड वेगळेच. दांड्यावर उभ्या रेघा कोरलेल्या, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. निकेलचा मुलामा जिथे बोटे टेकतात तिथे उडून पिवळे पितळ वर आले आहे. सरकवायच्या बटणाशेजारी एक छोटे दाबायचे बटण आहे, दाबलेले असेपर्यंतच दिवा लागतो, इशारा देण्यासाठी. तळाचे झाकण फिरवून काढले की आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पोटात जपून ठेवलेला जादा बल्ब. एके काळी एव्हरेडीची 'जीवनसाथी' आणि अलाहाबादच्या जीप कंपनीच्या बॅटऱ्या घरोघर होत्या. त्यांच्याच घराण्यातली ही. बॅटरीला जीवनसाथी हे नाव ठेवणाऱ्याने ग्रामीण भारतातली रात्र पाहिली असावी.

काका ती कशी बाळगत, हे त्यांनी उभे राहून दाखवले. उजव्या हातात काठी. डाव्या काखेत बॅटरी, तोंड पुढे, आणि दांड्याच्या कडीला बांधलेली सुती नाडी मनगटाभोवती. सायकल असली की बॅटरी हॅण्डलला नाडीनेच बांधायची. पावसाळ्यात तिच्यावर पिशवी, कारण आत पाणी गेले की सेल पाझरतात आणि पितळेला हिरवा थर धरतो. दिवसा ठेवून द्यायची तेव्हा मधला एक सेल उलटा घालायचा. चुकून बटण सरकले तरी सेल तितक्या लवकर संपत नाहीत. मंदावलेले सेल उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एखादी रात्र निघते. गस्तीवर बॅटरी सतत चालू ठेवायची नाही, हा तर पहिलाच धडा. दोन सेकंद मारायची, पाहायचे, बंद करायची, आणि चालू लागायचे.

"सेल वाचवायला?" आम्ही विचारले.

"सेल वाचतात ते वाचतातच. पण सर, बॅटरी लावली की आपलाच डोळा आंधळा होतो. अंधारात चालायचं असेल तर अंधाराशी डोळा जुळवून घ्यावा लागतो."

शास्त्र याला दुजोरा देते. उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्याला मंद प्रकाशात पाहण्याची पुरी ताकद यायला अर्धा तास लागू शकतो. प्रखर झोत ती ताकद काही क्षणांत घालवतो. शिवाय पेटलेली बॅटरी धरणाऱ्याचा ठावठिकाणा सांगते. अमेरिकेत पोलिसांना शिकवल्या गेलेल्या एका जुन्या पद्धतीत दिवा धरलेला हात शरीरापासून लांब, वर आणि बाजूला ठेवत असत. हेतू हा की उजेडाच्या रोखाने कोणी गोळी झाडली, तर ती शरीराला लागू नये. म्हणजे उजेड मारणारा मनुष्य पुरता सुरक्षित असतो असेही नाही. तो न दिसता पाहतो, आणि आपण इथे आहोत हे सांगूनही बसतो.

त्यानंतर काकांनी जे सांगितले, त्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. ते म्हणाले, "मॅडम, बॅटरी माणसाच्या तोंडावर मारायची नसते. आधी पायांवर मारायची. पाय बघितले की कळतं, माणूस पळायच्या बेतात आहे का, अनवाणी आहे का, प्यालेला आहे का. मग हातांवर. धोका असतो तो हातात. तोंड सगळ्यात शेवटी, आणि तेही सरळ डोळ्यांत नाही, छातीवर मारली तरी तोंड दिसतं. आमच्या जुन्या हवालदारांनी मला असंच शिकवलं."

पाय, हात, चेहरा. हा क्रम कोणत्या नियमपुस्तकात छापलेला आहे की नाही, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला नाही. कारागिराकडून कारागिराकडे जाते तशी ही विद्या हातोहात आलेली आहे. तिच्यात सावधपणा आहे, हे उघड आहे. पण सावधपणाच्या जोडीला एक सभ्यताही आहे. ज्याच्या तोंडावर उजेड मारला जातो तो माणूस त्या क्षणी डोळे मिटतो, हात वर करतो, मान फिरवतो. म्हणजे अपराध्यासारखा दिसू लागतो. पायांवर उजेड पडलेला माणूस आपल्याला कोण पाहते आहे हे मान वर करून पाहू शकतो, आणि उत्तर देऊ शकतो.

पोलिसाच्या हातातल्या उजेडाचा इतिहास विजेपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनचा शिपाई पट्ट्याला तेलाचा कंदील अडकवून हिंडे. त्याच्या पुढे जाड फुगीर भिंग असे आणि आत फिरणारी झडप. झडप लावली की ज्योत पेटती राहूनही बाहेर अंधार. चोरबत्ती या शब्दाला साजेशीच ही वस्तू. तिला तापलेल्या पत्र्याचा आणि तेलाचा वास येई. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा १८८८ मधला 'द लँटर्न-बेअरर्स' हा निबंध साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची मुले असले कंदील कोटाच्या आत, बटणे लावून, कोणाला दिसणार नाहीत असे बाळगतात आणि आपल्याजवळ उजेड आहे एवढ्या जाणिवेनेच सुखावतात. कंदील पोलिसांसारखा, पण मुलांना पोलीस व्हायचे नाही. त्यांना तो कोणावर मारायचाच नाही. तीच वस्तू मारण्याचा हेतू काढून घेतला की किती वेगळी होते, हे त्या निबंधात दिसते.

मग वीज आली. डेव्हिड मिसेल या संशोधकाला कागदी नळीत सेल बसवलेल्या दिव्याचे अमेरिकी पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. ते दिवे विकणाऱ्या कंपनीने काही नमुने न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले आणि त्यांच्या पसंतीची जाहिरात केली. म्हणजे जन्मल्याबरोबर ही वस्तू पोलिसाच्या हातात गेली. त्या वेळचे सेल इतके दुबळे होते की दिवा क्षणभर चमकवून विझवावा लागे. 'फ्लॅशलाइट' हे इंग्रजी नाव त्या दुबळेपणाची आठवण आहे. आमच्या काकांची दोन सेकंदांची शिस्त त्या पहिल्या दिव्यांना सक्तीची होती.

पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे दिवे पडून फुटत, दबत, ऐन वेळी विझत. १९७० च्या आगेमागे कॅलिफोर्नियात पोलिसांसाठी जाड ॲल्युमिनियमच्या नळीचे 'केल-लाइट' नावाचे दिवे निघाले आणि १९७९ मध्ये अँथनी मॅग्लिका या यंत्रकारागिराच्या कारखान्यातून 'मॅग्लाइट' बाहेर पडला. मॅग्लिकाचे बालपण क्रोएशियात गेलेले. कामात तो अत्यंत चोख. यंत्रावर कातलेली नळी, पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कड्या, तोंड फिरवून झोत लहानमोठा करण्याची सोय. मोठ्या सेलच्या संख्येनुसार आकार. सहा सेलचा दिवा दीड फुटाहून लांब. असा दिवा खिशात मावत नाही. पट्ट्याला एक कडी असे, तिच्यातून तो तलवारीसारखा खाली लोंबे. हातात घेण्याची रीतही ठरलेली होती. दिवा तोंडाजवळ धरायचा, मूठ कानाच्या उंचीवर, आणि लांब दांडा खांद्यावर टेकवायचा. गाडी थांबवून खिडकीतून आत उजेड टाकायला ही पकड सोयीची. उजेड डोळ्यांच्या रेषेत जातो, हाताला वजन जाणवत नाही, आणि गरज पडली तर तोच दांडा खांद्यावरून सरळ खाली येतो.

हे शेवटचे वाक्य आम्ही सहज लिहिले, पण त्यात एका वस्तूचे चरित्र बदलले. रात्री गाडी थांबवणाऱ्या पोलिसाच्या हातात दंडुका असेलच असे नाही; दिवा मात्र असतोच. दिवा हाच दंडुका झाला. डेट्रॉइट शहरात ५ नोव्हेंबर १९९२ रोजी मॅलिस ग्रीन नावाचा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. त्याने मूठ उघडून आत काय आहे ते दाखवावे, असा पोलिसांचा आग्रह होता. घाव बसले ते वजनदार विजेरीचे. दोन पोलिसांवर खटला चालला, १९९३ मध्ये ते दोषी ठरले, आणि पुढे त्या खटल्याला अपिले व फेरसुनावण्यांची बरीच वळणे लागली. लॉस एंजेलिसमध्ये २३ जून २००४ रोजी पाठलागानंतर शरण येत असलेल्या स्टॅन्ली मिलर या माणसाला एका पोलिसाने विजेरीने ११ वेळा मारले. दूरचित्रवाणीच्या हेलिकॉप्टरमधून ते सर्वांनी पाहिले. त्यानंतर तेथील पोलीस खात्याने विजेरी हत्यार म्हणून वापरण्यावर निर्बंध आणले, आणि २००७ मध्ये आपल्या शिपायांसाठी मुद्दाम लहान, हलका एलईडी दिवा करून घेतला. तो सहज खिशात मावतो आणि त्याने कोणाचे डोके फुटत नाही. माणसाचा स्वभाव बदलणे अवघड, तेव्हा वस्तूचा आकार बदलला. आम्हाला हा व्यवहारी शहाणपणा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे या दोन वस्तू दोन हातांत राहिल्या. काठी उजव्या हातात, बॅटरी डाव्या. पितळी बॅटरीने मारले तर काच फुटेल, सेल निखळतील, बल्बची तार तुटेल. शिवाय मारायला काठी असतेच. म्हणून 'बॅटरी मारली' या वाक्यात आपल्याकडे रक्त आले नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु हा समज कोणत्या घरात बसून करून घेतला आहे, यावर बरेच अवलंबून असते.

रात्रीच्या वेळी माणसाने आपल्या असण्याचा खुलासा देणे, ही कल्पना आपल्या कायद्यात आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, १२२ वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या काळाविषयी बोलते. तोंड झाकून वाईट हेतूने हिंडणारा, दुसऱ्याच्या घरात वा आवारात सापडून समाधानकारक खुलासा न देऊ शकणारा, घरफोडीची हत्यारे जवळ बाळगणारा, असे काही जण त्यात येतात. त्यांच्या जोडीला, चोर म्हणून ज्याची ख्याती आहे आणि जो रस्त्यात रेंगाळताना सापडतो, तोही येतो. हा 'ख्याती'चा मुद्दा साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. ख्याती कोण ठरवते? इंग्रजी राज्याने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. त्याने ही ख्याती जन्माबरोबरच देऊन टाकली. ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. त्याची आठवण म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळला जातो. पण कायदा रद्द होणे आणि नजर बदलणे यांत अंतर असते. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यात पोलीस घरात शिरतात, झडती घेतात, मारतात, आणि हे सारे त्या घराच्या दिनक्रमाचा भाग असते. ते स्वातंत्र्यानंतरचे घर आहे. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या दृष्टीचा परत एकदा समाचार घ्यावा लागला.

'उचल्या' आम्ही वर्गात शिकवला आहे. एका वर्षी चर्चा पोलिसांच्या धाडीपाशी आली असताना आम्हांपैकी एकाने काकांचा तो क्रम मुलांना सांगितला: पाय, हात, चेहरा. मुलांना तो आवडला. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी, जी एरवी फारशी बोलत नसे, ती उठून म्हणाली, "सर, आमच्या वस्तीत बॅटरी आधी पालाच्या आत पडते. झोपलेल्यांच्या तोंडावर. उठवायची रीतच ती आहे. लहानपणी मला वाटायचं, बॅटरी फक्त पोलिसांकडेच असते." ती खाली बसली. वर्गात कोणी हसले नाही, कोणी चुकचुकले नाही. तासाची घंटा व्हायला अवकाश होता, आणि आम्ही पुढचे पान वाचायला घेतले. दुसरे काय करता आले असते, ते आजही आम्हाला सांगता येणार नाही. एवढे मात्र ध्यानात आले की उजेडाच्या मागे उभे राहून सांगितलेला क्रम आणि उजेडाच्या पुढे झोपून अनुभवलेला क्रम हे एकाच भाषेतले दोन वेगळे ग्रंथ आहेत.

याचा अर्थ काका खोटे बोलत होते असा नाही. २६ जुलै २००५ ची रात्र ते अनेकदा सांगतात. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. लोकल थांबल्या, उपनगरांत दिवे गेले, आणि माणसे रुळांवरून, महामार्गावरून, छातीइतक्या पाण्यातून घरी निघाली. काका तेव्हा नोकरीत होते. एका नाल्याजवळ, जिथे रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नव्हते, तिथे ते ही पितळी बॅटरी घेऊन रात्रभर उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे, पाण्यावर, हातभर अंतरावर झोत टाकायचा आणि म्हणायचे, "इथं पाय टाका. आता इथं." सेल संपत आले तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांनीच आपल्याजवळचे दिले. "त्या रात्री मी एकाचंही तोंड पाहिलं नाही बघा," ते म्हणतात. "नुसते पाय. बूट, चपला, बायकांच्या साडीचे काठ, पोरं खांद्यावर." आम्ही मराठीत इतके वाचले, पण मुंबईच्या त्या रात्रीचे इतके नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हीच अडचण आहे. उजेड तोच, धातू तोच, क्वचित हातही तोच. एका ठिकाणी तो पुढचे पाऊल दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी झोपलेल्या पोराचे डोळे दिपवतो. फरक पडतो तो कोणाच्या बाबतीत आधीच काय ठरवून ठेवले आहे, याने. पाय पाहण्याची सभ्यता ज्याच्याविषयी अजून काही ठरलेले नाही, त्याच्यासाठी असते.

आता ही वस्तूच मागे पडत चालली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून आमच्या भागाला मीरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. नाकाबंदीच्या जागी शिपायांच्या हातांत लाल-निळे चमकणारे दंड असतात, खिशात चार्ज होणारे एलईडी दिवे असतात, आणि काही न सापडले तर मोबाइलचा उजेड आहेच. सेल उलटा घालून ठेवण्याची गरज कोणाला उरली नाही. सोसायटीच्या फाटकावर, चौकाचौकांत, दुकानांच्या छपराखाली कॅमेरे बसले आहेत. अंधारातही ते पाहतात, कारण त्यांना लागणारा अवरक्त उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. चोरबत्ती हे नाव आज कोणाला द्यायचे असेल तर त्यांना द्यावे. पितळी बॅटरीची एक गोष्ट चांगली होती: ज्याच्यावर ती मारली जाई त्याला ते कळे. कोणीतरी पाहते आहे, कुठून पाहते आहे, हे समजे, "कोण आहे?" असे उलट विचारता येई. कॅमेऱ्याला पाय, हात, चेहरा असा क्रम नसतो. तो सरळ चेहरा घेतो आणि ठेवून देतो. शेवटच्या लोकलने उतरून पूनम सागरकडे चालत येणारे आमच्यासारखे लोक रोज रात्री असे किती ठिकाणी टिपले जातात, याची आम्हाला कल्पना नाही. आणि खरे सांगायचे तर त्या कॅमेऱ्यांमुळे रात्री उशिरा चालताना थोडे निर्धास्तही वाटते. हे निर्धास्त वाटणेसुद्धा आपली ख्याती काय आहे, यावर ठरते.

त्या विद्यार्थिनीचे बोलणे आम्ही काकांना सांगावे की नाही, यावर आमचे दोघांचे बराच काळ एकमत होत नव्हते. एकाचे म्हणणे, चाळीस वर्षे प्रामाणिकपणे गस्त घातलेल्या माणसाला उतारवयात हे ऐकवून काय साधणार? दुसऱ्याचे म्हणणे, तिने ते वर्गात उभे राहून सांगितले, तेव्हा ते कुठेतरी पोचले पाहिजे. शेवटी एका संध्याकाळी चहा पिताना सांगितले. तिचे नाव, गाव काही सांगितले नाही. फक्त वाक्य सांगितले.

काका लगेच काही बोलले नाहीत. बॅटरी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी तळाचे झाकण उघडले, स्प्रिंगमधला जादा बल्ब काढून उजेडाकडे धरून तार शाबूत आहे का ते पाहिले, परत ठेवला.

"खोटं नाही तिचं," ते म्हणाले. "वस्तीवर जायचं असलं की नियम वेगळा असायचा."

"तो कोणी शिकवला होता?"

"त्यांनीच," काका म्हणाले. "ज्यांनी हा शिकवला त्यांनीच."

मग त्यांनी मधला सेल बाहेर काढला, उलटा करून आत घातला आणि झाकण फिरवून बंद केले.